कच्चा कागद, क्रमांक ४१

तुंगार्ली, लोणावळा
९ जुलै २०२५

शालन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं म्हटलं तरी पत्र एकदा हातात घ्यावं लागतं. अमरावतीच्या मुलींच्या वसतिगृहात तू रेक्टर आहेस एवढं मला माहीत होतं. पत्ता त्यांच्या वेबसाइटवर मिळाला. तुझा फोटोही आहे तिथं, मुलींच्या घोळक्यात. तू तोंड मिटून हसतेस. लहानपणी तुझं हसू शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं आणि सिस्टर खडू फेकून मारायच्या.

मी दोन वर्षांपूर्वी महिला समुपदेशन केंद्रातून निवृत्त झाले होते. मे महिन्यात त्यांनी परत बोलावलं. नवीन समुपदेशक आहे, प्रतीक्षा नावाची, सत्तावीस वर्षांची. हुशार आहे, भराभर बोलते. संस्थेनं केंद्रासाठी एक एआय मदतनीस घेतला आहे. जुन्या सगळ्या प्रकरणांचे कागद स्कॅन करून त्याच्या नॉलेज बेसमध्ये चढवायचे, म्हणजे नवीन बाई आली की "अशा वेळी आपण पूर्वी काय केलं, पुढे काय झालं" हे त्याला विचारता येतं. आपण चढवलेल्या कागदांवरूनच तो उत्तर देतो आणि कोणत्या कागदावरून दिलं त्याचा क्रमांक खाली दाखवतो. नावं प्रतीक्षा काढून टाकते, आकडे ठेवते.

कागद माझ्या हातचे, म्हणून मी. १९९१ पासूनचे १८७ समजुतीचे कागद. प्रतीक्षा पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, काय अक्षर आहे! मशीन एक शब्दही चुकत नाही." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

तुला आठवतं ना, सिस्टर आपल्याला दोन वह्या करायला लावायच्या, रफ आणि फेअर? रफ वहीत काहीही चालायचं. फेअर वहीत डाग पडला तर पान टराटरा फाडायच्या. तुझी फेअर वही मीच लिहायची. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

केंद्रातही मी तेच केलं. बाई बोलायची ते कच्च्या कागदावर, तिच्याच शब्दांत. मग दोन्हीकडची माणसं बसायची आणि मी स्टॅम्प पेपरवर पक्का कागद लिहायची. नवऱ्यानं सही करावी म्हणून त्यात बोचणारं काही ठेवायचं नाही. उदाहरणार्थ क्रमांक ११२. पक्का कागद: "किरकोळ घरगुती कारणावरून उभयतांत बोलाचाली झाली." कच्चा कागद: "भाकरी करपली म्हणून त्यानं माझा हात तव्यावर दाबून धरला. मी वरडले तवा सासूनं दार लावून घेतलं, शेजारी ऐकू नये म्हणून. कातडं तव्याला चिकटलं ते तिनं उलथन्यानं खरवडून काडलं."

नियमानं कच्चे कागद नष्ट करायचे असत. प्रतीक्षाला मी सांगितलं की केले. तुला खरं सांगते, माळ्यावर चिक्कीच्या सहा खोक्यांत आहेत. जाळायला हात धजला नाही. चढवायचे मात्र पक्केच. कच्चं कुणाला दाखवायचं नसतं, हे आपल्या अंगात इतकं भिनलंय.

तुझी ताई


२ ऑगस्ट

शालन,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, पण पोस्टमन येतो त्या वेळी मी फाटकाशी असते.

सगळे कागद चढवून झाले. गुरुवारी आंबीची एक मुलगी आली, मानसी. तेवीस वर्षांची. आई भामाबाई सोबत. नवरा पवन तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टला आहे. त्यानं तिच्या पोटरीवर सायकलची चेन ओढली होती. साडीला रक्त चिकटून वाळलं होतं, ओठ फाटला होता. मी तिला आधी मोरीत नेलं, तोंड धुवायला लावलं, केस विंचरून दिले, चहा दिला. बरं दिसायला लागली. मग लिहायला बसलो.

ती म्हणत होती, "मला न्हाई जायचं तितं, मावशी. त्यो म्हनतो, पुडच्या टायमाला गळाच."

प्रतीक्षानं सगळं टाइप केलं आणि विचारलं, परत पाठवावं की आसरागृहात? मदतनिसाचं उत्तर तिनं मोठ्यानं वाचलं: "केंद्राच्या नोंदींनुसार अशा १८७ प्रकरणांत समजुतीनंतर पत्नी नांदायला गेली. एकाही प्रकरणात पुढे तक्रार आल्याची नोंद नाही. समजुतीचा मार्ग यशस्वी ठरलेला दिसतो."

प्रतीक्षानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, एकही नाही? बरोबर आहे हे?"

मी म्हणाले, "नोंद तशीच आहे."

काल पवन आला, बरोबर त्याचे चुलते विठ्ठलआबा. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळे खाली. त्यानं माझ्या पाया पडून सही केली. पक्का कागद मी लिहिला. मानसी सही करताना पेन दोनदा हातातून सुटलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं. बाकी काही नाही.

ताई


२१ ऑगस्ट

शालन,

सोमवारी सकाळी अकराला मानसी अंगणातल्या दगडावर कपडे धूत होती. पवनची दुपारपाळी, तो घरीच. त्यानं शर्टाच्या खिशातून समजुतीचा कागद काढला आणि तिला म्हणाला, "वाच." तिनं वाचला. "माझं नाव कागदावर चढवलंस. आता गावात मला काय म्हनत्यात म्हाईत हाय?" तिच्याच हातातलं धोपाटणं हिसकावून त्यानं ते आडवं तिच्या तोंडावर मारलं. ती खाली पडली तशी केसाला धरून दगडावर चेहरा आपटला. मग उजवा हात दगडावर ठेवला, मनगटावर पाय दिला आणि बोटं ठेचली. प्रत्येक घावाला म्हणत होता, "ह्या हातानं सही केलीस. ह्या हातानं."

कुंपणापलीकडे चार माणसं उभी होती. भामाबाई म्हणतात, एक जण मोबाइल धरून होता.

जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. तळेगावच्या दवाखान्यात तारेनं बांधून ठेवलाय. दोन बोटं काढावी लागली. पवन दोन दिवस पळाला होता, काल सापडला.

मी गेले तेव्हा भामाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि कागदाचा एक ओला गोळा माझ्या हातावर ठेवला. रक्तानं काळा झालेला. ती दगडावर बेशुद्ध पडल्यावर पवननं तो तिच्या तोंडात कोंबला होता, डॉक्टरांनी चिमट्यानं काढला.

"ह्ये घ्या बाई," भामाबाई म्हणाल्या. "तुमचं अक्षर लय सुबक हाय."

त्या ओरडल्या नाहीत, शिवी दिली नाही. ओरडल्या असत्या तर मी तिथं उभी राहू शकले असते.

ताई


२४ ऑगस्ट

शालन,

मागच्या दोन पत्रांत एक गोष्ट गाळली. गाळायची इतकी सवय आहे की लिहून झाल्यावर मला ते लक्षातही येत नाही. या वेळी आलं.

मदतनीस उत्तराखाली सगळ्यात जवळच्या कागदाचा क्रमांक दाखवतो, असं मी तुला लिहिलं होतं. मानसीच्या उत्तराखाली लिहिलं होतं: "सर्वाधिक साम्य: १९९६/४१."

१९९६/४१ तू आहेस.

तुझा पक्का कागद मी जूनमध्येच चढवला होता, बाकीच्यांबरोबर. तुला न विचारता. चढवताना एवढंच पाहिलं की कोपऱ्यावर शाईचा ठिपका नाही ना. "किरकोळ घरगुती कारणावरून उभयतांत बोलाचाली झाली. यापुढे उभयता गुण्यागोविंदानं नांदतील." खाली कैलासची सही, तुझी सही, लेखनिक म्हणून माझी. पुढे तक्रार: नाही.

त्या मशीनला काय कळणार की कैलासनं जीपचा पाना तुझ्या तोंडात मारला होता, तू इंदुरीहून पदराच्या गाठीत तीन दात बांधून आली होतीस, आणि मी परत पाठवल्यावर चार महिन्यांनी त्यानं सातव्या महिन्यात तुझ्या पोटात लाथ घातली? तू दवाखान्यातून जी निघून गेलीस ती आजतागायत. तू पुन्हा केंद्रात आली नाहीस म्हणून तक्रार नाही. मशीनला दोष देऊ नकोस. मी त्याला जे दिलं तेच त्यानं प्रतीक्षाला दिलं.

पडद्यावर तो क्रमांक मला दिसला होता, शालन. प्रतीक्षानं विचारलं तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते. मी म्हणू शकले असते, ही माझी बहीण आहे आणि हे खोटं आहे. "नोंद तशीच आहे" म्हणाले. कारण ते कबूल केलं असतं तर उरलेले १८६ पण कबूल करावे लागले असते.

तेव्हा तुला का पाठवलं, हे तू कधी विचारलं नाहीस. बाबांची लाज हे एक. दुसरं तुला हास्यास्पद वाटेल. चांगल्या अक्षरात लिहून सही केलेलं माणूस पाळतो, असं मला खरंच वाटायचं.

तुझी ताई


१९ सप्टेंबर

शालन,

प्रतीक्षाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मी त्या मुलीला रिक्षात बसवून दिलं. मी स्वतः." आणि खुर्ची मागे ढकलून गेली. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन माझ्या घरी आली. खोकी आम्ही दोघींनी खाली उतरवली. काही कागदांना अजून चिक्कीच्या गुळाचा वास येतो.

ठरलं असं की कच्चे चढवायचे, पण बाईला विचारल्याशिवाय नाही. म्हणून मी गावोगाव हिंडतेय, या गुडघ्यांनिशी. आतापर्यंत चौदा जणी भेटल्या. आणखी नऊ जणी आता हयात नाहीत. त्यातल्या पाच कशा गेल्या हे विचारलं की लोक चहाचं विचारतात. एकीची जाऊ म्हणाली, "इहिरीत पाय घसरला," आणि शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "हात मागं बांदून घसरला व्हय गं?" त्यांच्याही कागदावर पुढे तक्रार नाही असंच आहे.

बेडश्याच्या आक्काबाईला मी तिचाच कागद वाचून दाखवला. तिच्या नवऱ्यानं तिला गोठ्यात दावणीला बांधून चाबकानं फोडलं होतं, तीन दिवस. ती दात कोरत ऐकत होती.

"टाक की मशीनमदी. समद्या गावानं बगितलंय, मशीननं बगितलं तर काय झिजतंय?" मग पुढे वाकून म्हणाली, "आन म्या त्याला मुसळ हाणलं ती ल्हिलंस का?"

"नाही, आक्का."

"का गं? चांगलं हाणलं हुतं. वर्षभर लंगडत हुता. ल्ही, ल्ही. येकाद्या पोरीच्या कामी येईल."

मी तिथंच लिहून घेतलं. परतताना कितीतरी दिवसांनी हसले.

गेल्या आठवड्यात विठ्ठलआबा केंद्रात आले. मानसी आता डाव्या हातानं वहीत लिहिते. पोलिसांनी तिचा जबाब घ्यायच्या आत त्यांना कागद हवा होता.

"बाई, तुमी ल्हिलं की लय ग्वाड ल्हिता. धुन्याच्या दगडावर घसरून पडली, येवडंच ल्हा. पोरीला आमी नांदवतो."

मी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "बसा आबा. कितीदा घसरली?"

"आँ?"

"डॉक्टरांनी अकरा घाव मोजलेत. अकरा वेळा घसरली असं लिहू? की बोटांवर वेगळी घसरली आणि तोंडावर वेगळी?"

आबा उठले. दारातून म्हणाले, "ह्या वयात हाताबिताला जपावं मानसानं." परवा भरदुपारी माझ्या खिडकीतून दगड आला. काचेचा तुकडा दंडात रुतला, चार टाके पडले. प्रतीक्षा रडकुंडीला आली होती. मला आधी खोक्यांची काळजी वाटली.

मानसीचा जबाब झाला. पोलीस आले तेव्हा तिचा ओठ पुन्हा फुटून हनुवटीवर ओघळ आला होता. नर्स कापूस घेऊन पुढे आली. मी म्हणाले, "थांबा. त्यांना आधी बघू दे." मानसीनं माझ्याकडे पाहिलं. ती काय समजली मला माहीत नाही. डाव्या हातानं तिनं पाच पानं लिहिली. मधेच घाम यायचा, पेन्सिल मोडायची. तिचं अक्षर बघून मला तुझी रफ वही आठवली.

आता तुझं. तुझा पक्का कागद मी नॉलेज बेसमधून काढून टाकला. कच्चा चढवलेला नाही. तो या पाकिटात घालून पाठवतेय. प्रत ठेवलेली नाही. तो तुझा आहे. जाळ, ठेव, काहीही कर. फक्त मला एवढं वाटतं की मानसीच्या वेळी त्या पडद्यावर हा कागद असता तर ती गेली नसती.

ताई


१६ ऑक्टोबर

शालन,

तुझं पाकीट काल आलं. वरचं अक्षर मी फाटकातूनच ओळखलं.

आत पत्र नव्हतं. माझाच पाठवलेला कच्चा कागद होता, आणि त्याच्या मागच्या बाजूला तुझ्या पेन्सिलीतलं पान. मी ते फाटकाशी उभ्यानं वाचलं. मग पायरीवर बसून वाचलं. आज केंद्रात नेलं.

पुढची बाजू मशीननं क्षणात वाचली. माझं अक्षर. कच्च्यातही मी किती नीट लिहिलं होतं, आज कळलं. मागच्या बाजूवर ते अडकलं. पडद्यावर आलं: "मजकूर वाचता येत नाही. कृपया स्वच्छ प्रत जोडा."

प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, तुम्ही फेअर करून द्याल? तुम्हाला वाचता येतं त्यांचं अक्षर."

जगात ते अक्षर वाचता येणारी मी एकटी असेन. मी की-बोर्ड ओढला आणि तुझ्या पानावर बोट ठेवून शब्द न् शब्द टाइप केला. दोन ठिकाणी बोटं आपोआप वेगळा शब्द लिहायला गेली. थांबले, खोडलं, तुझा लिहिला. हे मी चढवलं. तुझ्या परवानगीनं असं धरून चालते, कारण तू कागद जाळला नाहीस, परत पाठवलास.

"समोरचं ताईनं लिहिलंय. हे त्याच्या आधीचं. मी आले तेव्हा ती टेबलापाशी होती. मी तोंड उघडून दाखवलं. ती म्हणाली, आधी तोंड धू. मोरीत पाणी लाल झालं. ती तांब्यावर तांब्या ओतत राहिली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मी ओरडले तर म्हणाली, शू, बाहेर लोक आहेत. मग माझ्या पदराची गाठ सोडून दात घेतले. म्हणाली, आता यांचं काय करायचंय. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या टोपलीत टाकले. माझे केस विंचरले. माझी ताई खूप मायेनं केस विंचरते. मग लिहायला बसली. मी म्हणाले, ताई, मला परत पाठवू नकोस, तो मला मारील. हे तिनं लिहिलं नाही. कच्च्यातही नाही."

प्रतीक्षानं वाचलं. मग तिनं मानसीचा प्रश्न मदतनिसाला पुन्हा विचारला, तसाच, एक शब्दही न बदलता. उत्तर आलं: "उपलब्ध नोंदींनुसार परत पाठवणे सुरक्षित नाही. बाईने 'तो मला मारील' असे सांगितले असता ते लिहून घ्यावे. तोंड धुण्याआधी जखमांची नोंद करावी." खाली क्रमांक: १९९६/४१.

मी बाथरूममध्ये गेले. नळ सोडला, पाण्याकडे बघत राहिले, बंद केला.

परत आले तर प्रतीक्षा नेहमीचं काम करत होती, नावं पुसून आकडे घालण्याचं. कर्सर एका ठिकाणी थांबवून तिनं विचारलं, "मॅडम, हिचं नाव काढते. आणि ही ताई... पुढच्या बाजूला लेखनिक म्हणून तुमचं पूर्ण नाव आहे. ते पण काढू?"

मी म्हणाले, "तिचं काढ. माझं राहू दे."

अनिता